घंटी वाजली का?

सालातिगा, ७ मे

प्रिय तिती,

सलाम आणि पुष्कळ आशीर्वाद.

हे पत्र बघून हसू नकोस. दर रविवारी फोनवर बोलता ना, मग पत्राचं खूळ कशाला, असं तुझी आत्या, सुमिराह बुलिकही म्हणाली. मी म्हटलं, अगं बहिणाबाई, अख्खी नोकरी मी या चढउताराच्या गावात दुसऱ्यांची पत्रं वाटण्यात घालवली. माझ्या नावाचं पाकीट कधी आलं नाही. आता लेक जपानात आहे, तर निदान तिच्याकडून येऊ दे. फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं, पत्र उशीखाली ठेवता येतं.

आता माझ्या पायांची गोष्ट. गेल्या महिन्यात पहाटेच्या नमाजाला निघालो आणि वाटेत एक चप्पल कधी निसटली ते मला कळलंच नाही. मशिदीच्या दारात माझा दोस्त पाक जुमेरी ओरडला, "काय पोस्टमन, एक पाय घरी विसरलास का?" सगळे हसले, मीही हसलो. आरोग्य केंद्रातल्या नर्स बु वारसिती मात्र हसल्या नाहीत. त्यांनी तळव्याला काडी लावून पाहिली आणि म्हणाल्या, साखरेनं पायांच्या नसा खाल्ल्या आहेत, म्हणून असं मोजे घातल्यासारखं वाटतं. यावर चालण्याचा उपयोग होतो म्हणे. ज्याच्या पायाला जन्मभर भिंगरी होती त्याला हे औषध! मी तिथेच म्हटलं, बाई, असलं औषध दोन चमचे जास्तच द्या.

तर त्यांनी मला मनगटाला बांधायचा पट्टा दिला आणि फोनमध्ये ॲप घालून दिलं. पट्टा माझं चालणं मोजतो. फेरी पुरी झाली की फोनमधली पोरगी म्हणते, "अभिनंदन, पाक कार्सोनो!" मी तिला धन्यवाद म्हणतो. बुलिक म्हणते, यंत्राला कोणी धन्यवाद म्हणतं का? मी म्हटलं, आवाज तर कुणाच्या तरी लेकीचाच असेल ना.

आणखी एक गंमत. बु वारसिती म्हणाल्या, लांब राहणाऱ्या आपल्या माणसाचा नंबर द्या, फेरी पुरी झाली की त्याच्या फोनवर घंटी वाजेल. माणूस स्वतःसाठी चालत नाही, दुसऱ्यासाठी चालतो, असं त्यांचं म्हणणं. मी तुझा नंबर दिला. घंटी वाजते का?

सोबत जाड तळाचे काळे बूटही दिलेत. इतके झकास आहेत की घालवत नाहीत. तू परत येशील तेव्हा विमानतळावर ते घालून येईन.

तुझा,
बापाक


नागाओका, २८ मे

प्रिय बापाक,

वाजते! रोज वाजते!

इथे ती वेळ न्याहारीची असते. मी वृद्धाश्रमातल्या आजी-आजोबांना भात आणि सूप भरवत असते आणि माझ्या एप्रनच्या खिशात टिंग होतं. ओकुबो आजी नव्वदीच्या आहेत, स्वतःच्या मुलाचं नाव विसरतात, पण घंटी वाजली की मान वर करून म्हणतात, "तुझे वडील आले." मग मी म्हणते, "हो, आले." त्या समाधानानं तोंड उघडतात आणि पुढचा घास घेतात. आमच्या इथल्या मुख्य बाई म्हणतात, तुझ्या वडिलांनी सुट्टी घेतली तर ओकुबो आजी उपाशी राहतील.

खरं सांगू? आई गेल्यावर तुम्हाला एकटं सोडून मी इथे आले, हे मला रात्रंदिवस टोचत होतं. लोकांच्या आईबापांना भरवते आणि स्वतःच्या बापाला पत्र लिहिते, हा काय धर्म झाला? या घंटीनं ते टोचणं पुष्कळ कमी झालंय. परवा मंगळवारी ती वाजली नाही तर मला घास गिळेना. संध्याकाळी बुलिकला फोन केला तेव्हा कळलं की तुमचा पट्टा चार्जिंगला लावायचा राहिला होता. असं पुन्हा करू नका हं. तुमची घंटी नाही तर माझी न्याहारी नाही, सांगून ठेवते.

आणि बूट घाला. विमानतळाची वाट बघू नका. रोज संध्याकाळी खाली आरसा धरून तळवे बघा. इथे अंघोळ झाली की आम्ही प्रत्येकाचे तळवे बघतो, बोटांच्या मधेसुद्धा. ज्याला लागलेलं कळत नाही, त्याच्यासाठी दुसऱ्यानं बघायचं असतं.

जानेवारीत माझी या कामाची परीक्षा आहे. पास झाले तर कायमची नोकरी आणि दर वर्षी घरी यायला रजा. दुवा करा.

चहात साखर नाही ना? खरं सांगा.

तुमची,
तिती


सालातिगा, ९ जुलै

प्रिय तिती,

चहाचं विचारू नकोस. बिनसाखरेचा चहा बुलिक माझ्यासमोर ठेवते आणि माझा चेहरा बघत उभी राहते. ती वळली की काय होतं ते अल्लाला ठाऊक.

पण आज मोठी बातमी आहे. तुझा बाप बरा होतोय!

चौकातल्या बागेत गोट्यांची वाट केली आहे ना, सिमेंटमध्ये उभे दगड रोवलेली? तिच्या सुरुवातीला तळव्याचं चित्र असलेला फलक आहे : इथे मूत्रपिंड, इथे यकृत, इथे हृदय. अनवाणी चालायचं आणि जिथे दुखेल तो अवयव आजारी समजायचा. तुझी आईसुद्धा तिच्यावरून चालायची, आठवतं? मधल्या भागात आली की माझा दंड घट्ट धरायची.

तर पाक जुमेरी मला तिथे घेऊन गेला. तो बिचारा चार पावलं टाकतो आणि "आई गं, माझं यकृत! आई गं, माझं पोट!" करत कठड्याला लोंबकळतो. सगळी पेन्शनर मंडळी तशीच. आणि मी? या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ, बाजारात फिरल्यासारखा. कुठे म्हणजे कुठे दुखलं नाही. लोक थांबून बघतात. एक म्हातारा चिनी दुकानदार म्हणाला, "या वयात एवढं निरोगी शरीर मी पाहिलं नाही." आता माझ्यावर पैजा लागतात. हरणारा कॉफी पाजतो. (साखरेशिवाय. साधारण.)

बु वारसितींना अजून सांगितलं नाही. पुढच्या तपासणीत एकदम चकित करीन. त्या तरी काय, ॲपमधल्या माझ्या फेऱ्या बघून इतक्या खूश आहेत की म्हणाल्या, तुम्हाला सारखं बोलवायची गरज नाही.

आणि हो, घंटी एकही दिवस चुकवलेली नाही. माझ्या पोरीची न्याहारी माझ्या पायांवर अवलंबून आहे, हे मी मशिदीतसुद्धा सगळ्यांना सांगितलंय.

तुझा निरोगी,
बापाक


नागाओका, ३० जुलै

बापाक,

पत्र वाचल्या वाचल्या फोन केला तेव्हा तुम्ही "हो हो, सोडलं, आजपासून बंद" म्हणालात. आपल्या गावचं "हो हो" मला ठाऊक आहे. समोरच्याचं मन मोडायचं नाही म्हणून हो म्हणायचं आणि करायचं ते करत राहायचं. म्हणून लिहून पाठवतेय. लिहिलेलं तुम्ही पाळता.

त्या दगडांवर पुन्हा पाय ठेवायचा नाही. अनवाणी तर मुळीच नाही.

बापाक, तुम्हाला दुखत नाही ते बरे झालात म्हणून नव्हे. पाक जुमेरींना दुखतं, कारण त्यांचे पाय जागे आहेत. तुमचे झोपलेत. इथे एक आजोबा होते, हिवाळ्यात शेगडीला पाय लावून वर्तमानपत्र वाचत बसायचे. करपल्याचा वास आम्हाला आला, त्यांना काही कळलं नव्हतं. त्यांचं पुढे काय झालं ते लिहीत नाही.

रागावून लिहितेय असं वाटेल. रागावलेच आहे. भीतीही वाटतेय. तुमच्या तळव्यांचा फोटो मला पाठवा. व्हिडिओवर तुमचा चेहरा दिसतो, नेहमी हसरा. पाय दिसत नाहीत.

चालणं मात्र सोडू नका. बूट घालून चाला. ओकुबो आजी तुमची चौकशी करतात.

तिती


सालातिगा, २७ ऑगस्ट

प्रिय तिती,

तुझं पत्र मिळालं. उशीखाली आहे. इतकं कडक पत्र मला पोस्टमास्तरांनीही कधी लिहिलं नव्हतं.

तुझ्या म्हणण्याप्रमाणे दगड सोडले. बूट घालतो. उजव्या तळव्याला बारीकसा फोड आला होता, बुलिकनं विड्याच्या पानांचा लेप लावला, आता वाळत आलाय. तू काळजी करू नकोस. दिवसातून पाच वेळा वजूला पाय धुतो, म्हणजे स्वच्छता आहेच. फोटो बुलिक फोनवरून पाठवते आहे.

सतरा ऑगस्टच्या, स्वातंत्र्यदिनाच्या स्पर्धा झाल्या. यंदा पाक जुमेरी पोत्यात पाय घालून धावला आणि परीक्षकांच्या टेबलावर जाऊन आदळला. मी खुर्चीत बसून बघितलं.

या दिवसांत पहाटे फार गारठा असतो. म्हणून मी आता उन्हं आल्यावर चालणार आहे. घंटी थोडी उशिरा वाजली तर घाबरू नकोस. फोनचा कॅमेराही हल्ली नीट चालत नाही, रविवारी नुसतं बोलू.

अभ्यास कर. परीक्षा होईपर्यंत दुसरं काही मनात आणू नकोस. इथे सगळं ठीक आहे.

तुझा,
बापाक


नागाओका, ८ ऑक्टोबर

प्रिय बापाक,

फोटो बघितला आणि इतकं हलकं वाटलं की काय सांगू. मोठा करकरून बघितला. टाचेला थोड्या भेगा आहेत, त्यांना खोबरेल लावा. बाकी तळवे स्वच्छ, गुलाबी. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसते, ते मला कधी ठाऊकच नव्हतं. आजीची तशीच होती ना? बघा, मी पोटासाठी रोज परक्यांचे पाय बघते आणि स्वतःच्या बापाचे पाय आज पहिल्यांदा नीट बघितले.

आता घंटी आमच्या दुपारच्या जेवणाच्या आधी वाजते. ओकुबो आजींनी वेळापत्रक बदलून घेतलंय. आणि तुम्ही किती झपाझप चालता हो! ॲपमध्ये दिसतं मला. मे महिन्यापेक्षा दुप्पट वेग. मधे एके ठिकाणी बराच वेळ थांबता, ते काय, बाजारात भाजी घेता का? आजी म्हणाल्या, "तुझे वडील तरुण झाले." मी सगळ्यांना पेढे दिल्यासारखे बिस्किटांचे पुडे वाटले.

कॅमेरा दुरुस्त करून घ्या. आवाज थकलेला वाटतो तुमचा. सर्दी आहे का?

अभ्यास जोरात चालू आहे. तुम्ही चालताय म्हटल्यावर मलाही बसून राहवत नाही.

तुमची,
तिती


नागाओका, १७ डिसेंबर

प्रिय बुलिक,

मी येऊ शकले नाही. तुझा फोन आला तेव्हा तिकीट शोधायला बसले, आणि मग लक्षात आलं की मी पोचेपर्यंत माती देऊन झालेली असेल. आपल्यात थांबत नाहीत. थांबू नयेच. मी पण थांबवलं नसतं.

त्या दिवसापासून एकच प्रश्न डोक्यात घुमतोय. फोनवर तू रडत होतीस, मीही रडत होते, म्हणून विचारलं नाही. आता विचारते.

बापाक पहाटे गेले, असं तू म्हणालीस. अजान व्हायच्या आधी. पण त्या दिवशी इथे घंटी वाजली, बुलिक. सकाळीच वाजली, पूर्वीसारखी, न्याहारीच्या वेळी. मला इतका आनंद झाला. मला वाटलं, गारठा संपला, बापाक परत पहाटेचे चालायला लागले. ओकुबो आजी म्हणाल्या, "तुझे वडील आले." मी म्हटलं, "हो, आले."

त्यानंतर तुझा फोन आला.

कोण चाललं होतं?

तिती


सालातिगा, २ जानेवारी

माझ्या तिती,

तुझ्या बापासारखं मला लिहिता येत नाही. चुकलं तर सांभाळून घे.

मी चालले होते.

बारीक फोड नव्हता तो. जुलैतच दगडाची टोचणी बसली होती. त्याला कळलं नाही. दिवसातून पाच वेळा पाय धुवायचा, पण वरून पाणी ओतायचा. तळवा उलटा करून कोण बघतो? चादरीला डाग पडला तेव्हा मी बघितला. माझं बोट आत गेलं असतं एवढं होतं, आणि तो म्हणतो, "काय झालं, चेहरा का पाडलास?"

बु वारसितींकडे नेलं. त्या रडायच्याच राहिल्या. म्हणाल्या, ॲपमध्ये फेऱ्या छान दिसत होत्या, मला वाटलं सगळं छान आहे. त्यांनी लगेच इस्पितळात पाठवलं. पाय खाली टेकायचा नाही असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा हा बाबा पट्टा सोडून माझ्या मनगटाला बांधायला लागला. मी म्हटलं, दादा, हे काय? म्हणाला, "तिची न्याहारी आहे. तू बाजारात जातेसच, हा घालून जा." फोटोतले पाय माझेच. माझी करंगळी तुला ओळखू येईल अशी भीती होती. तू बरोब्बर तीच बघितलीस, आणि तरी तुला कळलं नाही. तुझं ते पत्र मी त्याला वाचून दाखवलं तेव्हा तो हसला, आणि मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

तू लिहिलंस ना, मधे एके ठिकाणी बराच वेळ थांबता? ते इस्पितळ. मी चालत त्याच्या खाटेपाशी जायची, त्याच्याच फोनमधून ती पोरगी "अभिनंदन, पाक कार्सोनो" म्हणायची, आणि तो पडल्या पडल्या तिला धन्यवाद म्हणायचा. मग मला विचारायचा, "घंटी वाजली का?" मी म्हणायची, वाजली असेल. मग तो डोळे मिटायचा.

आता सगळ्यात वाईट ते लिहिते. ऑक्टोबरात डॉक्टर म्हणाले, पाय घोट्याच्या वर कापला तर माणूस वाचेल. तो म्हणाला, जानेवारीनंतर. तिची परीक्षा होऊ द्या. पाय कापला तर तिला सांगावं लागेल, सांगितलं तर ती सगळं टाकून येईल. मी हात जोडले, भांडले, पाक जुमेरी भांडला. पण तुला माहीत आहे तो कसा होता. आणि आपल्याकडे लांबच्या माणसाला वाईट कळवायचं नाही, हे मीही लहानपणापासून ऐकत आले. मी अळीमिळी गुपचिळी करून रोज चालत राहिले. मी चालले नसते तर घंटी थांबली असती. घंटी थांबली असती तर तू फोन करून मला फैलावर घेतलं असतंस, आणि मी एका मिनिटात सगळं ओकले असते. तेव्हा पाय गेला असता, पण तो असता. माझ्या चालण्यानं त्याला मुदत मिळाली, आणि त्या मुदतीत विष वर चढलं. ही गोष्ट मी नमाजात रोज सांगते.

त्या पहाटे डॉक्टर, कागद, कफन, गाडी असं करत मी इस्पितळभर पळत होते. पट्टा हातात होता हे ध्यानातच नव्हतं. त्याला घरी आणलं, अंगणात बायका जमल्या, आणि सगळ्यांसमोर फोनमधून ती पोरगी बोलली, "अभिनंदन, पाक कार्सोनो!" मग पाक जुमेरीनं त्याच्या वतीनं तिला धन्यवाद म्हटलं, आणि पोरासारखा रडायला लागला.

बूट खोक्यातच आहेत. तळाला माती नाही. मला परवापर्यंत वाटत होतं की खोकं न उघडता कुणाला तरी देऊन टाकावं, पण हात होत नाही.

पट्टा बु वारसितींना परत करायला गेले तर त्यांनी माझंही रक्त तपासलं. आपल्या घराण्याची साखर माझ्याकडेही आहे म्हणे. पट्टा माझ्याकडेच ठेवायला सांगितलाय. पण मी तो कपाटात टाकलाय. मला तो बघवत नाही.

मला क्षमा करू नकोस हवं तर. पण परीक्षेला बस. एवढ्यासाठी तो गेला.

तुझी,
सुमिराह बुलिक


नागाओका, ४ फेब्रुवारी

प्रिय बुलिक,

परीक्षा दिली. इथे खिडकीच्या निम्म्यापर्यंत बर्फ होतं, गाड्या उशिरा धावत होत्या, तरी वेळेवर पोचले. एक प्रश्न मधुमेही माणसाच्या पायांच्या काळजीबद्दल होता. त्याचं उत्तर मी पूर्ण लिहिलं. बाहेर येऊन खूप रडले.

मी तुझ्यावर रागावले आहे. तू विचारलं नाहीस तरी सांगते. बापाकवर तर त्याहून जास्त. एका पायाचा बाप मला हवा होता. बिनपायांचाही हवा होता. परीक्षा दर वर्षी असते, हे त्यांना कोणी सांगितलं नाही का? आणि मी माझ्यावरही रागावले आहे. घंटी नाही तर न्याहारी नाही, हे मीच लिहिलं होतं. लाडात लिहिलं होतं, बुलिक. त्यांनी ते पाळलं.

आणि ती घंटी फक्त चालण्याची होती. तळवे बघितले की वाजेल अशी घंटी असती तर बापाकनी रोज बघितले असते, माझ्यासाठी. हे मी बु वारसितींना वेगळ्या पत्रात लिहिलंय. त्यांचा दोष काढायला नव्हे. पुढच्या माणसाला उपयोग होईल म्हणून.

ओकुबो आजी रोज सकाळी चमच्याकडे बघत थांबतात आणि विचारतात, "तुझे वडील आले नाहीत?" पहिल्या दिवशी मी खरं सांगितलं. त्या ढसाढसा रडल्या आणि दुसऱ्या दिवशी विसरून पुन्हा तेच विचारलं. आता मी म्हणते, वाटेत आहेत. बघ, मीही तुमच्यातलीच निघाले.

शंभराव्या दिवसाच्या प्रार्थनेला मी येतेय. रजा मिळाली आहे. भात मी शिजवीन, तू नुसती बस.

पट्टा कपाटातून काढ. खोकंही उघड. बूट तुला मोठे होतील, पुढे कापूस कोंब, आणि विमानतळावर ते घालून ये. ते बूट मला घ्यायला येणार होते. येऊ देत.

ईदला गुडघे टेकून माफी मागतो तशी मी आल्या आल्या तुझ्यापुढे बसेन, तिथेच, सगळ्या गर्दीत. तुझ्या पायातले बूट काढीन आणि दोन्ही तळवे हातात घेऊन बघेन, बोटांच्या मधेसुद्धा. लोक बघतील. तुला गुदगुल्या होतील, किंवा होणार नाहीत. काहीही झालं तरी पाय मागे घेऊ नकोस.

तुझी,
तिती